चौतीस घरांचा होकार

माणसं दुसऱ्याचं का ऐकतात, या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास मी हाती घेतला तेव्हा माझ्या गाठीला या विषयातला एकवीस वर्षांचा अनुभव होता. माझं कुणी ऐकत नाही, हा तो अनुभव. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पटावर अकरा विद्यार्थी आहेत, वर्गात चार येतात, आणि त्या चौघांतल्या खिडकीजवळच्याला मी गेल्या पावसाळ्यापासून खिडकी लावायला सांगतो आहे. तो दर वेळी "हो सर" म्हणतो. खिडकी अजून उघडी आहे.

तरीही हा अभ्यास मी स्वतःच्या मानासाठी केला नाही, एवढं सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. तो चतुराबाईंच्या नळासाठी केला.

आमची ज्ञानदीप कॉलनी बीडहून पालीकडे जाताना लागते. त्यातली गल्ली नंबर तीन. घरं छत्तीस. पाणी आठव्या दिवशी सकाळी साडेसहाला येतं आणि तास-दीड तास राहतं. अजिनाथ नावाचा माणूस गल्लीच्या तोंडाशी लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवतो, आणि त्याने कंबर सरळ करायच्या आत छत्तिसांपैकी पस्तीस घरांतल्या मोटारी सुरू होतात. या मोटारी थेट नळालाच जोडलेल्या आहेत. त्या पाणी येण्याची वाट पाहत नाहीत, ओढून घेतात. एकाने ओढलं म्हणून दुसऱ्याने ओढलं, दुसऱ्याने ओढलं म्हणून तिसऱ्याने मोठी मोटार आणली, आणि असं होत होत पहिल्या घरातल्या विजयसिंहरावांकडे आता दोन हॉर्सपॉवर आहे.

छत्तिसावं घर चतुराबाईंचं. गल्लीच्या अगदी टोकाला, गुडघाभर खड्ड्यात त्यांचा नळ आहे. मोटार नाही. त्या पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी खिचडी भरवलेली आहे. आता वय सत्तरीच्या पुढे आणि उजवा गुडघा दुखरा. पाणी त्या शाळेमागच्या हापशावरून आणतात, एका वेळी एकच घागर, वाटेत दोनदा टेकून.

पस्तिसावं घर आमचं.

एका पाण्याच्या दिवशी सकाळी चतुराबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. आमच्याकडे कुणी येऊन बसलं की "काय काम होतं?" असं लगेच विचारत नाहीत. आधी पाणी, मग चहा, मग पाव्हण्यारावळ्यांची चौकशी, आणि काम निघायचं ते माणूस जायला उठल्यावर, पायात चप्पल सरकवताना. मला ही पद्धत वेळखाऊ वाटते. मी सरळ विचारलं, "काय काम होतं मावशी?"

"काई न्हाई सर. बसले उगं."

माझी बायको पंचशीला त्यांना आत स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि चहाला उकळी यायच्या आत सगळं समजून घेऊन बाहेर आली. सहा पाळ्या झाल्या, चतुराबाईंच्या नळाला थेंब नव्हता. लेक राजश्री आष्टीला असते, ती म्हणत होती की घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे ये.

"आष्टीला तरी पाणी कुठलंय मावशी?" मी म्हणालो.

"पानी न्हाईच तिथं बी. पर वढायला दोन तरणी मानसं हायत." त्यांनी गुडघा दाबला. "हितं चाळीस वर्सं काढली सर. घर सोडू वाटत न्हाई. पर पान्यावाचून कसं राहावं?"

मला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. मी उभा राहिलो आणि पंचशीलासमक्ष म्हणालो, "मावशी, तुम्ही कुठंही जायचं नाही. तुमच्या नळाला पाणी येईल. मी शब्द देतो."

"तुमी म्हणल्यावर आलंच," चतुराबाई म्हणाल्या. बोलताना त्या आमच्या जिन्याखाली पाहत होत्या. जिन्याखाली आमची मोटार आहे, आणि तिच्याशेजारी कोरफडीची कुंडी. मला वाटलं, त्या कुंडी पाहताहेत.

पंचशीला लिंबागणेशच्या बाजूच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिला लोकांनी ऐकावं म्हणून काही करावं लागत नाही. ती "दंड पुढं करा" म्हणते आणि समोरचा करतो. त्यामुळे या विषयाची गुंतागुंत तिला कळत नाही. चतुराबाई गेल्यावर ती म्हणाली, "मग पुढच्या पाळीपासून आपली मोटार बंद ठेवा."

मी तिला शांतपणे समजावलं. एक मोटार बंद करून प्रश्न सुटत नसतो, गल्लीचं वागणं बदलावं लागतं. त्यासाठी माणसं विनंती कधी मानतात आणि कधी मानत नाहीत याचा अभ्यास हवा. चौतीस घरं म्हणजे नमुना. आणि संशोधकाला स्वतःचं घर अभ्यासात धरता येत नाही. ते नियंत्रण गटात जातं, आणि नियंत्रण गटात काहीही बदलायचं नसतं.

"म्हणजे आपली मोटार चालूच ठेवायची," ती म्हणाली.

"शास्त्रासाठी."

दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी स्वतःच्या मनाने घेऊन आलेल्या पेशंटकडे ती जशी पाहते, तशी तिने माझ्याकडे पाहिलं आणि डबा घेऊन सातची गाडी पकडायला निघून गेली.

मी दोनशे पानांचं रजिस्टर आणलं. छत्तीस ओळी आखल्या. रकाने असे: घर क्रमांक, उत्तरदात्याचं नाव, विनंतीची पद्धत, होकार की नकार, आणि प्रत्यक्ष पालन. विनंती एकच होती: पाणी आल्यावर पहिली वीस मिनिटं मोटार बंद ठेवावी, म्हणजे टोकापर्यंत पाणी पोचेल. ती करण्याच्या पद्धती मात्र चार ठरवल्या. पहिली, कोरडी विनंती. दुसरी, कारणासह विनंती. तिसरी, आधी नातं काढून, "दादा, तुमच्यासारखा समजदार माणूस गल्लीत दुसरा नाही" असं म्हणून. आणि चौथी, आधी काहीतरी किरकोळ मागायचं, ते मिळालं की मग मोठं मागायचं. छोटी गोष्ट दिलेला माणूस मोठीला नाही म्हणत नाही, असं या विषयातले लोक मानतात. कुणाला कोणती पद्धत हे मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चौतिसाला चारने भाग जात नाही याचा मला दोन दिवस त्रास झाला. शेवटी नऊ, नऊ, आठ, आठ असे गट केले.

रजिस्टरच्या शेवटी एक पान मी 'व्यत्यय' म्हणून राखून ठेवलं. चांगला संशोधक कामात आलेले अडथळेही वेळेसह लिहून ठेवतो. मी सर्व विद्यार्थ्यांना, म्हणजे चौघांना, हे नेहमी सांगतो.

इथवर सगळं सुरळीत होतं. चूक झाली ती कॉलेजात बोलण्याची. आमचे प्राचार्य म्हणाले, माणसांवर प्रयोग करायचा तर नीतिसमितीची मंजुरी लागते. आपल्याकडे नीतिसमिती आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाही, पण तुमच्यामुळे होईल. समितीत प्राचार्य, वनस्पतिशास्त्राचे एक सर आणि ग्रंथपाल असे तिघे होते. त्यांनी दोन तास चर्चा करून दोन अटी घातल्या. एक, प्रत्येक घराची लेखी संमती. दोन, रहिवासी संघाचं ना-हरकत पत्र.

लेखी संमतीसाठी मी कागद तयार केला: 'माझ्या घरची मोटार बंद ठेवण्याबाबतची विनंती ऐकून घेण्यास माझी हरकत नाही.' खाली सही. चौतीस प्रती घेऊन मी गल्लीत फिरलो. कुणी नाही म्हटलं नाही. "ठिवा सर, सही करून पाठवतो," असं प्रत्येकाने म्हटलं. एका घरात तो कागद आजोबांनी उलटा करून मागून पाहिला, उजेडाला धरून पाहिला, आणि आमच्या जमिनीचा नंबर तर यात न्हाई ना, असं विचारलं. आठवड्याने किती सह्या आल्या हे मोजायला मला रजिस्टर लागलं नाही. एकही आली नव्हती.

दुसरी अट जास्त जड गेली, कारण गल्लीत रहिवासी संघच नव्हता. जो संघ नाही त्याचं पत्र कसं आणायचं, असं मी प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, स्थापन करा. ही बातमी विजयसिंहरावांना कशी कळली ते मला माहीत नाही, पण त्याच संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर हजर झाले. विजयसिंहराव म्हणजे आमच्या भागातलं वजनदार प्रस्थ; कोणत्याही लग्नात त्यांची खुर्ची आधी ठेवतात आणि मग मांडव घालतात.

"सर, आडपडदा नका ठिवू. वॉर्डात उभं राहायचंय का तुमाला?"

"नाही हो. एक अभ्यास आहे."

"मंग घरोघर काहून फिरायलाय?"

मी त्यांना नमुना, चार पद्धती आणि नियंत्रण गट समजावून सांगितला. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "लई चांगलं काम हाय. संघाचा अध्यक्ष मी व्हतो. तुमी फक्त अभ्यास करा."

दोन दिवसांत संघ झाला, त्याचं पत्र झालं, आणि मी न मागता फ्लेक्सही झाला. 'थेंब थेंब वाचवू, गल्ली एक ठेवू.' वर विजयसिंहराव हात जोडून. खाली कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोच्या आकारात, मी. 'संकल्पना' असं माझ्याखाली लिहिलं होतं, नाव लिहायचं राहिलं होतं. माझा तो फोटो मेव्हण्याच्या लग्नातला होता आणि त्यात माझे डोळे मिटलेले होते. हा फ्लेक्स लावायला सगळ्यांत योग्य जागा आमच्या गच्चीचा कठडा आहे, असं ठरलं, कारण ती गल्लीच्या तोंडापासून सरळ दिसते. मी विचार करून सांगतो म्हणालो. तोवर दोऱ्या बांधून झाल्या होत्या.

सह्यांचं काय, हा प्रश्न नीतिसमितीने स्वतःच सोडवला. सगळे तोंडी हो म्हणालेच आहेत ना, मग तोंडी संमती धरा, असं ग्रंथपाल म्हणाले. मंजुरीच्या पत्रावर शिक्का बसला आणि मी चार संध्याकाळी फिरून चौतीस घरांत चौतीस विनंत्या केल्या. ठरलेल्या पद्धतीने, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. चौथ्या पद्धतीत आधी मागायची किरकोळ वस्तू म्हणून मी विरजण निवडलं होतं. आठ घरांतून आठ वाट्या विरजण आलं. पंचशीलाने ओट्यावरच्या त्या आठ वाट्या पाहिल्या आणि म्हणाली, "आता दूध कोणत्या पद्धतीनं मागणार?"

निकाल असा लागला की चौतीसच्या चौतीस घरांनी होकार दिला.

सामान्य माणसाला याचा आनंद होईल. संख्याशास्त्राचा माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसतो. कोरड्या विनंतीला शंभर टक्के, कारणाला शंभर टक्के, स्तुतीला शंभर टक्के, विरजणाला शंभर टक्के. सगळेच हो म्हणाले तर कोणत्या पद्धतीने म्हणाले हे शोधायचं कसं? फरक असल्याशिवाय आमच्या शास्त्राला चालता येत नाही. तरी मी मनाला समजावलं की निदान चतुराबाईंचं काम झालं. आणि पाण्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला, अजिनाथने चावी फिरवताना, घड्याळ लावून गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो.

चौतीसच्या चौतीस मोटारी सुरू झाल्या. पस्तिसावीही झाली, पण ती नियंत्रण गटातली होती.

'प्रत्यक्ष पालन' या रकान्यात मी वरपासून खालपर्यंत शून्य लिहिलं. एका रकान्यात सगळे हो, शेजारच्यात सगळी शून्यं. दोन्हीत फरक नावाला नाही. दोन्हींमधला सहसंबंध काढायला बसलो तर शून्याने भागायची वेळ येते. एकवीस वर्षांत इतका एकमुखी नमुना मी पाहिला नव्हता. घरी परतलो तर चतुराबाई ओट्यावर बसलेल्या होत्या, शेजारी रिकामी घागर. "मावशी, काम चालू आहे," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. मी व्यत्यय पानावर वेळ लिहिली.

त्या दिवशी संध्याकाळी मी समोरच्या राधाकिशनरावांकडे मन मोकळं केलं. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, आणि माझ्या चौतिसांपैकी घर क्रमांक चौतीस तेच. त्यांनीही मला हो म्हटलेलं होतं आणि त्यांचीही मोटार चालू होती, पण आम्ही दोघांनी तो विषय सभ्यपणे टाळला.

"सर, या जिल्ह्यात तोंडावर न्हाई म्हननारा मानूस मला दाखवा," ते म्हणाले. "न्हाई म्हनलं की समोरच्याचा अपमान. हो म्हनायला काय लागतंय? एकतीस वर्सं मी गाडीत 'पुढं सरका' म्हनलो. सगळे हो म्हनायचे अन् जागीच उबे राहायचे."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मीच मधी शिरायचो. मानूस शिरला की गर्दी आपोआप सरकती."

हे मला शास्त्रीय वाटलं नाही, म्हणून मी लिहून घेतलं नाही. पण त्यांचं पहिलं वाक्य पटलं. होकार मोजून उपयोग नव्हता, मोटारी मोजायला हव्या होत्या. तेव्हा दुसऱ्या टप्प्यात मी दर पाण्याच्या दिवशी घरोघर जाऊन दारात उभा राहू लागलो. आणि इथे पहिल्यांदा यश आलं. मी दारात आलो की मोटार बंद व्हायची. कुणी "हे काय, बंदच करत होतो," म्हणायचं, कुणी नुसतंच हसायचं. मी पुढच्या घराकडे वळलो की मागे ती पुन्हा सुरू व्हायची. मोबाइलवर वेळ लावून मी प्रत्येक घराची बंद मिनिटं मोजली. सरासरी चार मिनिटं दहा सेकंद. फरक मिळाला होता. मला भरून आलं.

तीन पाळ्यांच्या नोंदी घेऊन मी रविवारभर आकडेमोड केली. विनंतीच्या पद्धतीचा परिणाम: काही नाही. नात्याचा: नाही. कारणाचा: नाही. विरजणाचा: किंचित, पण उलटा; ज्यांनी विरजण दिलं होतं ते जास्त लवकर मोटार लावत. मात्र एका गोष्टीशी इतका घट्ट संबंध निघाला की मी दोनदा तपासला. मी किती सावकाश चालतो यावर मोटार किती वेळ बंद राहते हे अवलंबून होतं. माझी पाठ दिसेनाशी झाली की पाणी ओढणं सुरू.

यावर उपाय म्हणून मी सावकाश चालू लागलो. इतका सावकाश की सकाळी कामावर निघालेल्या एका बाईंनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. राधाकिशनराव खिडकीतून म्हणाले, "सर, जरा लवकर सरका बरं. टाकी भरायचीय." मी गल्लीच्या मध्यावर पोचेपर्यंत पाण्याचा तास संपायचा, आणि टोकाच्या घरात थेंब जायचा नाही. घरी आलो की चतुराबाई ओट्यावर असायच्या. आता त्यांच्या बोलण्यात राजश्रीचं नाव वरचेवर येऊ लागलं होतं. पुढच्या पंधरवड्यात लेक न्यायला येणार, असं त्या एकदा म्हणाल्या. मी म्हणालो, "मावशी, निष्कर्ष अगदी जवळ आलेत." पंचशीला रोज सकाळी निघताना जिन्याखाली बोट दाखवायची, मी रोज नियंत्रण गट म्हणायचो. पुढे पुढे तिने बोट दाखवणंही सोडलं, नुसती तिकडे पाहायची आणि जायची.

त्यानंतरच्या पाळीला मी घर क्रमांक अकराच्या दारात, घड्याळावर डोळे लावून उभा होतो. एवढ्यात अजिनाथ मागून सायकलवर आला.

"सर, तुमच्या गच्चीवरून पानी चाललंय."

"किती वेळ झाला?" मी विचारलं. सवयच लागली होती.

"आर्धा तास झाला आसंल."

टाकीचा बॉल अडकला होता. पंचशीला कामावर. मोटार आपली इमानेइतबारे ओढत होती, आणि टाकी भरून पाणी कठड्यावरून खाली येत होतं. मी निघालो. पहिल्यांदाच सावकाश चाललो नाही. मागून दारं उघडल्याचे आवाज आले. वळून पाहिलं तर गल्ली माझ्या मागे येत होती. आजवर माझ्या मागे इतकी माणसं कधी आली नव्हती.

पाणी बरोबर फ्लेक्सवर पडत होतं. विजयसिंहरावांच्या जोडलेल्या हातांवरून 'थेंब थेंब वाचवू' यावरून ते खाली यायचं आणि माझ्या मिटल्या डोळ्यांवरून कोपऱ्यातून धार धरून जमिनीवर पडायचं. त्या धारेखाली घागर लावलेली होती. घागरीजवळ एका हाताने गुडघा धरून चतुराबाई उभ्या होत्या.

मला पाहून त्यांनी घाईने घागर बाजूला ओढली. निम्मी भरली होती.

"वाया चाललं व्हतं सर," त्या म्हणाल्या. "म्हनून लावली. इचारायला पायजे व्हतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. विजयसिंहराव फ्लेक्सकडे पाहत राहिले. राधाकिशनराव स्वतःच्या चपलांकडे पाहत होते, आणि त्यांच्या घरातून त्यांच्या मोटारीचा आवाज येत होता. मी जिन्याखाली गेलो आणि बटण दाबलं. मोटार थांबली. पण तिकडे अजिनाथची वेळ झाली होती, त्याने व्हॉल्व्ह बंद केला होता. चतुराबाईंच्या खड्ड्यातल्या नळाने एकदा हवा सोडली आणि तो गप्प झाला.

मी त्यांची घागर त्यांच्या घरी पोचवायला उचलली. "ऱ्हाऊ द्या सर," त्या म्हणाल्या, "तुमचं काम खोळंबंल." त्या मनापासून म्हणाल्या होत्या, हे मला आजही सहन होत नाही.

संध्याकाळी पंचशीला आली तोवर तिला गाडीतच सगळं कळलेलं होतं. मी रजिस्टर उघडून बसलो होतो. निष्कर्षाचं पान काढायला गेलो तर हाताला व्यत्ययाचं पान लागलं. माझ्याच सुवाच्य अक्षरात ओळी होत्या. '६.५० — चतुराबाई आल्या. बसल्या. चहा नको म्हणाल्या. गेल्या.' खाली पुढची पाळी. '७.३५ — चतुराबाई आल्या. बसल्या. गेल्या.' सहा पाळ्या, सहा नोंदी. सगळ्या पाण्याच्या दिवशी. सगळ्या आमची मोटार चालू असताना. एरवीच्या दिवशी त्या एकदाही आल्या नव्हत्या.

"पण त्या कधी काही बोलल्या नाहीत," मी म्हणालो.

"ज्याच्या दारात येऊन बसायचं, त्याला अजून काय सांगायचं असतं?" पंचशीला म्हणाली.

"तू सांगायचंस मला."

"सांगितलं होतं. तुम्ही शास्त्र म्हणालात." एवढं बोलून ती आठ वाट्या घासायला निघून गेली, आणि मला त्या वाट्यांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

राजश्री रविवारी येणार होती. पाण्याची पाळी त्याच्या आधी एकच उरली होती, गुरुवारची. मी गुरुवारी पहाटे उठून मोटारीची पिन काढली आणि कपाटात ठेवली. रजिस्टर घेतलं नाही. मोबाइल घेतला नाही. साडेसहाच्या आत चतुराबाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो.

त्या झाडू हातात धरून दारात आल्या. "काय काम व्हतं सर?"

"काही नाही मावशी. बसलो उगं."

त्यांनी आत जाऊन बसायला पोतं आणून खाली टाकलं. अजिनाथने चावी फिरवली. वरच्या बाजूच्या चौतीस मोटारी सुरू झाल्या. खड्ड्यातल्या नळाने हवा सोडली, खोकला, आणि मग एक धागा आला. करंगळीएवढाही नाही. पण तुटला नाही. चतुराबाई गुडघा विसरून खड्ड्यात उतरल्या आणि धाग्याखाली घागर धरून तशाच वाकून राहिल्या.

समोरून राधाकिशनराव बाहेर आले. मी तिथे का बसलो हे त्यांनी विचारलं नाही. येऊन शेजारी बसले. आम्ही दोघे नळाकडे पाहत होतो. पाच मिनिटं झाली असतील. मग ते उठले, घरी गेले, आणि चालू मोटारींच्या आवाजातला जवळचा एक आवाज कमी झाला. ते परत आले आणि पूर्वीच्याच जागी बसले. धागा बोटाएवढा झाला.

"हो म्हनलो व्हतो ना तुमाला," ते नळाकडे पाहतच म्हणाले.

त्या दिवशी अकरा घागरी भरल्या आणि एक पिंप निम्मं. मी मोजलं, ती खोड काही जायची नाही. बाकीच्या तेहतीस मोटारी चालू होत्या आणि मला वाटतं अजून बराच काळ चालू राहतील. एका राधाकिशनरावांवरून गल्लीचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मी एकवीस वर्षं शिकवतो आहे. रविवारी राजश्री आली. पिंपातलं पाणी प्यायली, दोन दिवस राहिली आणि एकटी परत गेली.

नीतिसमितीला अंतिम अहवाल द्यायचा होता म्हणून मी रजिस्टर पुन्हा काढलं. आखलेल्या छत्तीस ओळींपैकी पस्तिसावी कोरी होती. ती भरली. उत्तरदात्याचं नाव: मी. विनंती करणारं: चतुराबाई. पद्धत: येऊन बसणे. किती वेळा: सहा. होकार: दर वेळी दिला. पालन: सातव्या वेळी, त्यांना निम्मी घागर फ्लेक्सखाली भरावी लागल्यानंतर.

मग व्यत्यय पानावर आडवी रेघ मारून वरचा मथळा खोडला आणि तिथे 'विनंत्या' असं लिहिलं.